गाडीला कंठ फुटला त्याची गोष्ट

जळगावहून अजिंठ्याकडे निघालेला प्रवासी नेरी ओलांडतो आणि बहुधा पहूरला चहासाठी थांबतो. पेठ आणि कसबे अशी दुहेरी ओळख असलेले हे गाव जामनेर तालुक्यातले. अजिंठ्याच्या लेण्यांपुढून वळसा घेणारी वाघूर याच मुलखातून तापीला जाऊन मिळते. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी अरुंद रुळांची छोटी आगगाडी २०२० पर्यंत येथे थांबत असे. सांगायचे इतकेच की, गाव लहान असले तरी वाहनांच्या आवाजाला ते कधी परके नव्हते.

गाडीला स्वतःचा आवाज असावा ही हौस तर मोटारीहूनही जुनी. आमच्या आजोबांच्या दमणीच्या बैलांना घुंगुरमाळा होत्या. दमणी शिवेवर आली की घरात आजी चुलीवर तवा ठेवी. वळणावर समोरच्याला सूचना मिळावी हा त्या माळांचा उपयोग खरा. पण पोळ्याच्या दिवशी आजोबा त्या चिंच लावून घासत, ते काही सूचनेसाठी नव्हे. त्या घुंगरांना एक सोय होती. त्या वाजल्या म्हणून बैल थकत नव्हते. मोटारीचे तसे नाही. मोटारीत गाणे वाजवायचे तर त्याची शक्ती मोटारीच्याच पोटातून काढावी लागते, आणि ती काढताना जे झाले त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

त्या इतिहासाकडे माझे लक्ष वळले ते पुतण्याच्या जीपमुळे. जीप जुनी, डिझेलवर चालणारी. तो ती लग्नसराईत भाड्याने लावतो. गेल्या आखाजीच्या आधी त्याने शहरातल्या एका दुकानातून मोठा अँप्लिफायर आणि दोन भले थोरले वूफर बसवून आणले. गाडी दारात आली तेव्हा घरातली भांडी फडताळात थरथरली. मुले खूष झाली. पण चार दिवसांत तीन दुखणी उघडी पडली. अॅक्सिलरेटर दाबला की गाण्यामागे एक बारीक किंकाळी सुरू होई आणि वेगाबरोबर चढत जाई. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला पुढचे दिवे मिचकावत. आणि दर तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी ढकलावी लागे. घरात पुतणीचे लग्न तोंडावर आलेले. वऱ्हाड घेऊन अजिंठ्याचा घाट चढायचा आणि रात्री परतायचे ते याच गाडीने.

मोटारीतली किंकाळी ही नवी गोष्ट नव्हे. बिनतारी विद्येचा आरंभच मुळी ठिणगीपासून झाला. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली आणि मार्कोनीने पुढे समुद्रापार संदेश धाडले, त्या लहरी विजेच्या ठिणगीतून निघत. आता पेट्रोलच्या मोटारीत काय असते? प्लगमध्ये मिनिटाला हजारो ठिणग्या! म्हणजे प्रत्येक मोटार हे एक छोटे, अडाणी प्रक्षेपण केंद्रच. तिच्याच शेजारी नाजूक रेडिओ ठेवला, तर तो मुंबई ऐकेल की प्लग? तो आधी प्लग ऐके.

अमेरिकेत १९२२ मध्ये शेव्हरोले मोटारीवर २०० डॉलरचा रेडिओ मिळू लागला होता. पण त्याची एरियल टपभर पसरलेली आणि बॅटऱ्यांचे ओझे निराळे. हे जमवून आणले ते शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी. घरगुती रेडिओला बॅटरीऐवजी विजेवर चालवण्याचे यंत्र करण्याचा त्यांचा धंदा १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९२९ च्या मंदीत डबघाईला आला. तेव्हा विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग या दोघांना हाताशी धरून त्यांनी मोटारीत बसेल असा रेडिओ तयार केला. प्लगच्या तारांत रोधक घातले, डायनामोला कंडेन्सर जोडला, आणि ठिणग्यांची बडबड बरीच दबली. कर्ज मागण्यासाठी त्यांनी एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत नमुना बसवून दिला. सांगतात की, अर्ध्या तासात त्या गाडीने पेट घेतला. कर्ज अर्थातच मिळाले नाही. तरी १९३० च्या जूनमध्ये गॅल्विन आपली स्टुडबेकर हाकीत अटलांटिक सिटीच्या रेडिओ व्यापाऱ्यांच्या मेळाव्याला गेले. आत दुकान मांडायला पैसे नव्हते. त्यांनी गाडी बाहेर उभी केली आणि रेडिओ मोठ्याने लावला. मोटार आणि व्हिक्ट्रोला यांची सांगड घालून त्यांनी यंत्राचे नाव ठेवले मोटोरोला. जर्मनीत ब्लाउपुंक्ट कंपनीचा मोटार रेडिओ १९३२ मध्ये आला.

त्या काळी रेडिओत व्हॉल्व्ह असत. त्यांना दोनशेच्या वर व्होल्ट लागत आणि मोटारीची बॅटरी तर सहा व्होल्टची. सुरुवातीला गाडीच्या तळाशी वेगळ्या बॅटऱ्यांची पेटी लटकवीत. मग आला व्हायब्रेटर. एक पोलादी पाते भराभर थरथरून सरळ प्रवाहाचे तुकडे करी, मग ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट चढवायचे. पाते गुणगुणे, तेही गाण्यात मिसळे! एक रोग हटवावा तर दुसरा हजर. मोटारीत गाणे ऐकल्याने चालकाचे लक्ष उडेल, सबब बंदी घाला, असा वादही तेव्हा मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात झाला. पुढे १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी सर्वस्वी ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार रेडिओ जाहीर केला आणि पाते, व्हॉल्व्ह, त्यांची उष्णता, सारेच मागे पडू लागले.

आपल्याकडे रेडिओ बाळगायला टपाल कचेरीचा परवाना लागे, तेव्हा मोटारीतला रेडिओ ही श्रीमंतांची मिजास. खान्देशातल्या हवेत स्वतःचा आवाज आला तो १९७६ मध्ये, जळगावला आकाशवाणी केंद्र झाले तेव्हा. पण इकडच्या रस्त्यांवर खरी क्रांती केली कॅसेटने. फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली ही चपटी डबी वीस वर्षांत इतकी स्वस्त झाली की, काळीपिवळी जीपमध्ये गिऱ्हाईक बसवायचे तर टेप हवाच. त्या टेपची भूक मात्र बेताची. पाचदहा वॅटचा तो जीव. डायनामोलाही त्याचा पत्ता लागत नसे. वरातीत बँडवाल्यांनी लाउडस्पीकर आणले तेव्हा त्यांनी गाडीवर जनरेटर वेगळा ठेवला. त्या बँडवाल्यांना जे उमगले होते ते माझ्या पदवीधर पुतण्याला उमगले नव्हते.

गावातल्या एका जुन्या वायरमन मिस्त्रींना बोलावले. त्यांनी आधी गाणे ऐकले, डोके हलवले आणि म्हणाले, "गुरुजी, गाडी गाऊ नाही राह्यली, रडू राह्यली."

त्यांनी इंजिन बंद करून किल्ली काढली, बॅटरीची काळी केबल सोडली आणि मध्ये अँपिअर मोजायचा मीटर जोडला. सगळे बंद असतानाही दीड अँपिअर वाहत होते! एकेक फ्यूज काढून पाहिला. काटा हलला नाही. याचा अर्थ चोर फ्यूजपेटीच्या बाहेर. अँप्लिफायरला जागे करणारी एक बारीक निळी तार असते. ती दुकानदाराने किल्लीवर न जोडता थेट सदा जिवंत तारेला बांधली होती. पेटी रात्रभर जागी राही. दहा तासांत पंधरा अँपिअर-तास गेले. दिवसा गावातल्या गावात फिरून ते भरून येणार कसे? निळी तार टेपच्या जागी गेली आणि काटा शून्याजवळ आला.

मग इंजिन चालू करून, गाणे लावून, त्यांनी अँप्लिफायरची अर्थिंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये व्होल्टमीटर धरला. तेथे व्होल्ट जवळजवळ नसावाच. एकाहून अधिक होता. काळी तार रंगलेल्या पत्र्यावर एका स्क्रूने दाबलेली. तांबडी तार नवी आणि जाड, आणि परतीची वाट रंगाने अडलेली! मिस्त्रींनी रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, तारेला लग लावून बोल्टने आवळली, इंजिनाची गंजलेली पट्टी बदलली. किंकाळी बरीचशी तिथेच थांबली. ती आल्टरनेटरची होती. तो मुळात उलटसुलट वीज करतो आणि डायोडनी ती सरळ करून घेतो. उरलेली लाट वाकड्या अर्थिंगमधून गाण्यात शिरते. गाण्याची बारीक तारही जाड तारेच्या मांडीला मांडी लावून नेलेली होती. ती दुसऱ्या बाजूने नेल्यावर उरलेलाही आवाज गेला.

दिवे मात्र अजून किंचित मिचकावत. येथे मिस्त्रींनी हिशेब मांडला. पाचशे वॅटचा आवाज काढणारी पेटी, उष्णतेत जाणारे धरून, भर ठोक्याला सत्तरएक अँपिअर ओढते. या जीपचा आल्टरनेटर पस्तीसचा; त्यातले दहा दिव्यांनाच हवेत. "उरलं ते बॅटरी देते, भाऊ. घरात कमावता एक, अन् खाणारे तीन." एक वूफर उतरवावा, आवाज निम्म्यावर आणावा. पुतण्याने तोंड फुगवले. वरातीत गाडीची इज्जत काय राहील, हा त्याचा सवाल.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. बॉनेट उघडून त्यांनी तांबडी तार पत्र्याच्या भोकातून बाहेर ओढली. भोकाला रबरी बुश नव्हता. कडेवर घासून वरचे आवरण गेले होते आणि बोटभर तांबे उघडे दिसत होते. फ्यूज होता, पण मागे पेटीपाशी. बॅटरीपासून तिथपर्यंतच्या तारेला राखण कोणाचीच नव्हती. घाटात एका खड्ड्याने ते तांबे पत्र्याला टेकले असते, तर बॅटरीने शेकडो अँपिअर त्यात ओतले असते, आणि ती तार मागच्या बाकाखालच्या गालिच्यातून गेली होती. त्या बाकावर पोरीबाळी बसायच्या होत्या. मला एकदम शिकागोच्या त्या बँकरची पॅकार्ड आठवली. पुतण्या काही बोलला नाही. त्याने स्वतःच पाना घेतला आणि वूफर सोडवायला लागला.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर नवा फ्यूज बसला, भोकात बुश बसला. वऱ्हाड गेले. परतताना घाट उतरून आम्ही फर्दापूरला आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पोरे एकमेकांवर झोपली होती आणि गाणे अगदी हळू चालले होते. दिवे स्थिर होते.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी मजुरी घेतली. बुशचे पैसे मात्र लावले नाहीत. तो त्यांच्या डब्यातला जुना होता.