बदनामीचा कायदा नेमका कुणाच्या कामाचा?

थायलंडमध्ये बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे; कलम ३२८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होते. पंतप्रधान थाकसिन यांच्या कुटुंबाच्या शिन कॉर्पला सरकारी धोरणांचा फायदा झाला, असे कार्यकर्त्या सुपिन्या क्लांगनारोंग २००३ मध्ये म्हणाल्या. कंपनीने फौजदारी खटला भरला, वर ४० कोटी बाहतची भरपाई मागितली. त्या २००६ मध्ये निर्दोष सुटल्या, पण मधली वर्षे कोर्टात गेली.

पुढे थाकसिन-समर्थक 'लाल शर्ट' नेते जतुपोर्न यांनी २००९ मध्ये पंतप्रधान अभिसित यांच्याविरुद्ध भाषणे केली. त्याबद्दल २०१७ मध्ये त्यांना वर्षभराची कैद झाली.

सत्ताधारी बदलले, हत्यार तेच राहिले. म्हणून आम्ही म्हणतो, आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणून असा कायदा निरुपद्रवी होत नाही. अब्रूचा वाद दिवाणी कोर्टात सोडवा. टीकेला तुरुंग नको.