शैक्षणिक कर्जांची हप्तेस्थगिती (कोविड-१९)

कोविड-१९च्या साथीत रिझर्व्ह बँकेने मुदत कर्जांच्या हप्त्यांना दिलेली तात्पुरती सवलत. तीत शैक्षणिक कर्जेही होती. २७ मार्च २०२०च्या निर्णयाने १ मार्च ते ३१ मेचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँकांना मिळाली. नंतर ही मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. ही कर्जमाफी नव्हती. व्याज चढतच राहिले. बँकांच्या आदर्श योजनेत परतफेड अभ्यासक्रमानंतर वर्षभराने सुरू होते, त्यामुळे शिकत असलेल्यांना या सवलतीचा फारसा उपयोग नव्हता. ती कामी आली नुकत्याच कमावू लागलेल्यांच्या.

अशा कर्जात पालक सहकर्जदार असतात, म्हणून घरची मिळकतही महत्त्वाची. रायगड जिल्ह्यात तिला त्या वर्षी दुहेरी फटका बसला. ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ जिल्ह्यावर आदळले. रोहे तालुक्यालाही त्याची झळ लागली. जिल्ह्यातल्याच पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांपुढे वेगळेच संकट होते : राज्य सरकारने सार्वजनिक मूर्तींना चार आणि घरगुती मूर्तींना दोन फुटांची मर्यादा घातली, तीही हंगाम तोंडावर असताना.

स्थगितीच्या काळात चढलेल्या व्याजावर पुन्हा व्याज लावण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०२०मध्ये केंद्राने दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांवर चक्रवाढ आणि सरळ व्याजातील फरक परत देण्याची योजना काढली. स्थगिती न घेता हप्ते भरणारेही तिला पात्र होते. २३ मार्च २०२१च्या निकालाने ही रकमेची मर्यादा उठली, पण स्थगिती वाढवण्यास न्यायालयाने नकार दिला.