कार्ल सेगन यांची दोन गुपिते

१९५८ साली शिकागोतील आर्मर रिसर्च फाउंडेशनमध्ये अमेरिकी हवाई दलासाठी एक गुप्त अभ्यास सुरू झाला. चंद्रावर अणुस्फोट घडवला तर पृथ्वीवरून काय दिसेल, हा त्याचा विषय. स्फोटाने उडणाऱ्या धुळीच्या ढगाचे गणित मांडणाऱ्या तरुण संशोधकाचे नाव होते कार्ल सेगन. पुढच्याच वर्षी बर्कली येथील एका अधिछात्रवृत्तीच्या अर्जात सेगन यांनी त्या कामातील दोन गोपनीय अहवालांची शीर्षके लिहून टाकली. चरित्रकार केय डेव्हिडसन यांच्या शोधातून हे पुढे उजेडात आले.

याच सेगन यांनी १९६९ मध्ये स्वतःच्या गांजासेवनाविषयी एक निबंध लिहिला. लेस्टर ग्रिनस्पून यांच्या १९७१ च्या पुस्तकात तो ‘मिस्टर एक्स’ या टोपणनावाने छापला गेला. लेखकाचे खरे नाव जगाला कळले ते १९९९ मध्ये, सेगन यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. सरकारचे गुपित अर्जात उघड झाले होते. स्वतःचे मात्र टोपणनावाआड राहिले.

त्या काळचे नियम पाहिले, तर याचे नवल वाटत नाही. २७ एप्रिल १९५३ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या आदेश क्रमांक १०४५० मध्ये सरकारी सेवेतील व्यक्तीविषयी संशय निर्माण करणाऱ्या बाबींची यादी होती. अप्रामाणिकपणा आणि अनैतिक वर्तन यांच्याच ओळीत अतिमद्यपान व अमली पदार्थांचे व्यसन यांचा उल्लेख होता. कोणाच्या दबावाला बळी पडण्याची शक्यता, हेही एक स्वतंत्र कारण होते. येथेच एक पेच निर्माण झाला. जुनी चूक सांगितली तर नोकरी जाण्याची भीती. लपवली, तर ती जाणणाऱ्या कोणाच्याही हाती दबावाचे साधन.

हा पेच सैल व्हायला अनेक दशके लागली. २००८ च्या कायद्याने बेकायदा अमली पदार्थ सध्या घेणाऱ्यांना आणि व्यसनाधीन व्यक्तींना सुरक्षा परवानगी, म्हणजे ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’, देण्यास मनाई केली. भूतकाळाचा विचार मात्र वेगळा होतो. २०१७ पासून लागू असलेल्या तेरा निकषांनुसार सेवन किती जुने, किती वेळा, कोणत्या परिस्थितीत आणि पुन्हा होण्याचा संभव किती, हे तपासले जाते. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय गुप्तचर संचालक अ‍ॅव्हरिल हेन्स यांनी स्पष्ट केले, की पूर्वीचे गांजासेवन विचारात घेतले जाईल, पण केवळ तेवढ्यावरून निर्णय होणार नाही. अर्जात खोटे लिहिणे मात्र वेगळ्या निकषाखाली येते, आणि तो संघराज्यीय गुन्हाही आहे. जुन्या सेवनाचे महत्त्व काळानुसार कमी होते. आज लिहिलेले असत्य मात्र आजचेच असते.

भारतात सरकारी प्रयोगशाळेत रुजू होणाऱ्या संशोधकालाही चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरावा लागतो. त्यात अटक, खटला आणि शिक्षा यांविषयी विचारणा असते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने सेवन हाही गुन्हा ठरवला आहे; स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला त्याच कायद्याचे कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते. माहिती दडवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात निकाल दिला: माहिती खरीच हवी, तरुण वयातील घोषणाबाजीसारखी किरकोळ बाब दडवली गेली असल्यास नियोक्ता ती दुर्लक्षित करू शकतो. खरे सांगणाऱ्याला नेमणुकीची हमी मात्र त्याच निकालाने दिलेली नाही; पूर्ववृत्त तपासण्याचा नियोक्त्याचा अधिकार कायम राहतो.

म्हणून प्रामाणिकपणाचा धोका आजही शून्य झालेला नाही. तो धोका जितका कमी, तितकी अर्जातील उत्तरे अधिक खरी. सुरक्षेच्या दृष्टीनेही लाभ त्यातच आहे, कारण ज्याचे गुपित संस्थेला आधीच ठाऊक आहे, त्याला त्याच गुपिताची धमकी देता येत नाही.