आईला कळण्याआधीच बाळ घडू लागतं : गर्भाच्या वाढीचे टप्पे आणि त्यातले धोके

आपल्या घरांत हमलची बातमी कळली की काळजी सुरू होते. जड उचलू नको, हे खा, ते खाऊ नको. ही काळजी चांगलीच आहे, पण बहुतेक वेळा ती थोडी उशिरा सुरू होते. दहावीला जीवशास्त्र शिकवताना मुलं विचारतात, "सर, नऊ महिन्यांतला सगळ्यात नाजूक महिना कोणता?" बहुतेकांना वाटतं शेवटचा. खरं उत्तर आहे पहिले दोन महिने. आणि त्यातले पहिले काही आठवडे तर आईला आपण गरोदर आहोत हे माहीतही नसतं.

आधी एक हिशेब समजून घेऊ, कारण इथे गोंधळ होतो. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. म्हणजे डॉक्टरांनी "सहा आठवडे झाले" म्हटलं की बाळाचं वय खरं तर चार आठवडे असतं. या लेखात बाळाचं खरं वय दिलं आहे. डॉक्टरांचा हिशेब घेतला, तर तिथे तसं सांगितलं आहे.

स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र येतात ते गर्भनलिकेत. त्याच क्षणी मुलगा की मुलगी हे ठरून गेलेलं असतं, आणि ते ठरतं बापाकडून आलेल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर. त्यामुळे "मुलगा होण्यासाठी" म्हणून नंतर दिली जाणारी कुठलीही पुडी, कुठलंही औषध काही बदलू शकत नाही. उलट त्यात काय मिसळलेलं आहे हे माहीत नसताना ते नेमकं नाजूक दिवसांत पोटात जातं. सुनेला मुलगी झाली म्हणून बोल लावणाऱ्यांनीही हे धड्यातलं वाक्य पुन्हा वाचावं.

फलित पेशीच्या दोन, चार, आठ अशा पेशी होत जातात आणि आठवडाभरात तो गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला लागतो. पहिल्या दोन आठवड्यांत मोठी इजा झाली तर सहसा गर्भ टिकतच नाही. टिकला तर बहुधा नीट वाढतो.

तिसऱ्या आठवड्यापासून मात्र चित्र बदलतं. पेशींचे तीन थर तयार होतात आणि त्यातूनच पुढे सगळे अवयव बनतात. साधारण बाविसाव्या दिवशी हृदयाची नळी धडधडू लागते. पाठीवर एक पट्टी दुमडून तिची नळी होते. तिला न्यूरल ट्यूब म्हणतात. मेंदू आणि मज्जारज्जू त्यातूनच घडतात. ही नळी अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत दोन्ही टोकांना बंद व्हायला हवी. खालची बाजू उघडी राहिली तर पाठीच्या कण्यात फट राहते, वरची राहिली तर मेंदू आणि कवटी नीट बनत नाहीत. आता हिशेब करा. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. कितीतरी बायकांची तोपर्यंत तपासणीही झालेली नसते.

म्हणूनच फॉलिक ॲसिडची गोळी हमल राहिल्यावर नव्हे, त्याच्या किमान एक महिना आधीपासून घ्यायची असते, रोज 400 मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर जास्त मात्रा लागते, ती डॉक्टर ठरवतात. 1991 साली ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात अशाच मातांना गर्भधारणेआधीपासून जास्त मात्रा दिली गेली आणि दोषाचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटलं. एवढी स्वस्त गोळी, आणि आपल्याकडे निकाहच्या तयारीत तिचं नावही निघत नाही.

चौथ्या ते आठव्या आठवड्यात हातापायांचे कोंब फुटतात, डोळे, कान, ओठ घडतात. वरचा ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो. तो जुळला नाही की ओठ फाटलेला राहतो, आणि आपण दोष ग्रहणाला देतो. ग्रहणात सुरी धरली की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. आठव्या आठवड्याअखेर जेमतेम तीन सेंटिमीटरच्या या जिवाचे बहुतेक सगळे अवयव आकाराला आलेले असतात.

या दिवसांत औषध काय करू शकतं हे जगाने थॅलिडोमाइडमुळे पाहिलं. 1957 साली पश्चिम जर्मनीत ते शांत झोपेसाठी बाजारात आलं आणि गरोदरपणातल्या मळमळीवरही दिलं गेलं. 1961 अखेर ते मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं हातपाय अर्धवट असलेली किंवा इतर दोषांसह जन्मली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा म्हणून परवानगी अडवून धरली, तिथली बाळं बरीच वाचली. आजही मिरगीवरचं व्हॅल्प्रोएट, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन ही औषधं गर्भाला धोक्याची आहेत. पण मिरगीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, झटका आला तर तोही घातक. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यावं.

रुबेला हा साधा पुरळ-ताप. 1941 साली सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी ओळखलं की आईला गरोदरपणात तो झाला तर बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो. बहिरेपण आणि हृदयाचे दोषही त्यातूनच येतात. लस आहे, पण ती गरोदरपणात देत नाहीत, म्हणून मुलींना आधीच मिळायला हवी. आपल्याकडे गोवर-रुबेला मोहीम 2017 पासून टप्प्याटप्प्याने झाली. त्याआधी वयात आलेल्या मुलींना ही लस मिळाली होती का, हे विचारून घ्या.

आता थेट आपल्या घरातल्या गोष्टी. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासायला लावली तरी निकोटिन रक्तात जातं आणि बाळ कमी वजनाचं होतं. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्या धुराचंही तेच. काही सुरम्यांमध्ये शिसं असतं. शिसं वारेतून बाळापर्यंत पोहोचतं आणि मेंदूला इजा करतं.

चुलत-मामे भावंडांच्या निकाहाबद्दल बोलायला लोक कचरतात. मी दोष देत नाही, आमच्याही खानदानात आहेत. पण सर्वसाधारण जोडप्यांच्या बाळांत जन्मजात दोषाचं प्रमाण 2 ते 3 टक्के असतं, सख्ख्या चुलत-मामे भावंडांत ते जवळपास दुप्पट होतं. म्हणजे बहुतेक बाळं निरोगीच असतात, पण तपासणी टाळू नये. थॅलेसेमियाची रक्ततपासणी तर प्रत्येकानेच निकाहाआधी करावी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक असते.

नवव्या आठवड्यापासून वाढ आणि पक्वता. डॉक्टरांच्या हिशेबाने 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत अवयव तपासतात, ती चुकवू नका. याच सुमाराला बाळाची हालचाल जाणवू लागते. फुप्फुसं शेवटच्या आठवड्यांपर्यंत पक्व होत राहतात, म्हणून वेळेआधी जन्मलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होतो. मेंदूची वाढही थांबलेली नसते. या काळात आईचा रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, साखर यांचा परिणाम बाळाच्या वजनावर आणि जिवावर होतो. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या 180 दिवस सरकारी केंद्रात मोफत मिळतात. चहासोबत घेऊ नयेत, लोह शोषलं जात नाही.

रमजान आला की प्रश्न येतोच. आईला किंवा बाळाला अपाय होण्याची भीती असेल तर शरीअतने रोजा पुढे ढकलण्याची मुभा दिली आहे. साखरेचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर सासूबाईंना नव्हे, डॉक्टरांना विचारावं.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या, हकीमसाहेबांनी दिलेल्या पुड्यासुद्धा.