कोळसा न्यावा, पाणी न्यावं की वीज? महाराष्ट्रातल्या औष्णिक केंद्रांच्या जागांचा इतिहास

या मालेत आपण आतापर्यंत धरणं, रेल्वे, कारखाने यांच्याबद्दल बोललो. आज वीजकेंद्रांबद्दल बोलू या.

आपण इथे संत तुकाराम नगरमध्ये बसलो आहोत. १९५४ साली स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स जवळच आहे. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, मग चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरले. एवढी वीज लागणारा पट्टा, पण कोळशावरच्या वीजकेंद्राची एकही चिमणी इथे नाही. का नाही, हा आजचा प्रश्न.

वीजकेंद्राला तीन गोष्टींची ने-आण लागते. कोळसा आत यायचा, पाणी आत यायचं आणि वीज बाहेर जायची. केंद्र कुठे बांधायचं, याचा निर्णय म्हणजे या तिघांपैकी कोणाला लांबचा प्रवास घडवायचा, याचा निर्णय.

सुरुवातीला वीजच लांब जाऊ शकत नव्हती. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनने केंद्र उभारलं ते भर वस्तीत, कारण त्याची वीज जेमतेम मैलभर पोचायची. मुंबईतही १९०५ साली वाडीबंदरला, म्हणजे शहरातच, वीजकेंद्र सुरू झालं.

मग उच्च दाबाच्या तारा आल्या आणि हिशेब बदलला. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या परिसरातलं पाणी अडवून घाटाखाली सोडायचं आणि वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. मुंबईला कोळसा दुरून आणावा लागे, त्यापेक्षा हे परवडलं. पण त्याची किंमत मावळ-मुळशीने मोजली. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, तो याच धरणांच्या मालिकेतल्या पुढच्या धरणासाठी जाणाऱ्या जमिनींवरून. वीज एकीकडे आणि तिची झळ दुसरीकडे, हे कोळशाच्या आधीच सुरू झालं होतं.

आता वाफेकडे येऊ. १९२९ मध्ये जीआयपी रेल्वेने ठाकुर्लीला कोळशावरचं चोळा पॉवरहाऊस सुरू केलं, मुंबई-पुणे मार्गावरच्या विजेच्या गाड्यांसाठी. आपल्या पिंपरी-चिंचवडमधून जाणाऱ्या गाड्यांची वीज घाटाखाली कोळसा जाळून तयार होत होती. जागा ठाकुर्लीचीच का? शेजारी उल्हास नदी आणि दाराशी रेल्वेमार्ग. १९५६ मध्ये टाटांनी ट्रॉम्बेला केंद्र उभारलं ते समुद्रकाठी. कारण पुन्हा पाणीच.

पाण्याचं एवढं काय? बघा, बॉयलरमधली वाफ टर्बाइन फिरवते आणि कंडेन्सरमध्ये थंड होऊन पुन्हा पाणी होते. जितकी चांगली थंड होईल, तितकं काम जास्त. फ्रान्सच्या सादी कार्नोने १८२४ मध्येच सांगितलं होतं की उष्णतेचं इंजिन किती काम देईल हे गरम आणि थंड टोकांमधल्या तापमानांवर ठरतं. म्हणून कोळशातली सगळी उष्णता विजेत उतरत नाही. जुन्या २१० मेगावॅटच्या संचात साधारण एक तृतीयांश उतरते. उरलेली थोडी चिमणीतून जाते आणि बरीचशी पाण्याला द्यावी लागते.

आकडे मांडू या. एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. कार्यक्षमता ३३ टक्के असेल, तर सुमारे २,६०० किलोकॅलरी जाळाव्या लागतात. कोळसा किलोला ३,५०० किलोकॅलरीचा धरला, तर एका युनिटला पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागला. २१० मेगावॅटचा संच दिवसभर पूर्ण चालला तर सुमारे ५० लाख युनिट, म्हणजे ३,७०० टन कोळसा. जवळजवळ एक अख्खी मालगाडी, रोज, एका संचाला! आणि आपल्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. ती राखसुद्धा भाडं भरूनच आणायची.

नाशिकजवळच्या एकलहऱ्याचं केंद्र १९७० च्या सुमारास उभं राहिलं, तेव्हा विचार होता की वीज जिथे लागते तिच्या जवळ केंद्र हवं. म्हणून विदर्भाचा कोळसा सुमारे ७०० किलोमीटर रेल्वेने आणायचा. चंद्रपुरात नेमकं उलटं केलं. १९८३ पासून खाणींच्या शेजारी एकेक संच उभा राहिला. कोळसा जागेवर आणि प्रवास विजेचा. १९९९ मध्ये चंद्रपूर ते पडघे अशी ७५२ किलोमीटरची एकदिश प्रवाहाची वाहिनी सुरू झाली, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी. तारांमध्ये थोडी वीज वाया जाते हे खरं, पण राखेच्या वाघिणी ओढण्यापेक्षा ते परवडतं.

म्हणजे आपल्याकडे चिमणी नाही याचं कारण हे. इथे खाण नाही, समुद्र नाही, नद्यांचं पाणी शहराला आणि शेतीला लागतं, आणि वीज तारांवरून येऊ शकते. निर्णय म्हणून तो बरोबरच होता. पण हिशेब तिथे पूर्ण होत नाही. राख आणि धूर चंद्रपूरलाच राहतो.

आणि पाणी? परळीत खाणही नाही आणि भरवशाचं पाणीही नाही. २०१३ च्या दुष्काळात खडका बंधारा आटला आणि ११३० मेगावॅटचं अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं. कोळसा होता की नव्हता, हा प्रश्नच उरला नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली. त्या मर्यादेतही २१० मेगावॅटचा संच दिवसाला पावणेदोन कोटी लिटर पाणी पितो. माणशी १३५ लिटर धरलं, तर ते सव्वा लाखाहून अधिक लोकांचं पाणी झालं. दुष्काळी भागात हा आकडा भांडणाचा असतो, आणि असायलाच हवा.

म्हणून कार्यक्षमता ही फक्त इंजिनिअरांची गोष्ट नाही. कोराडीला २०१५ ते २०१७ दरम्यान ६६० मेगावॅटचे तीन संच सुरू झाले. त्यांत वाफेचा दाब आणि तापमान जास्त असतं. कार्यक्षमता ३८ टक्के धरली, तर युनिटमागे शंभरेक ग्रॅम कोळसा वाचतो. पूर्ण चाललेल्या एका संचामागे दिवसाला सुमारे १,५०० टन. तेवढी राख कमी, आणि वाया जाणारी उष्णता कमी म्हणून पाणीही कमी. शिवाय कोराडीत नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरलं जातं. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने तर सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना ते वापरणं बंधनकारकच केलं. शंभर वर्षं आपण केंद्राच्या जागेसाठी नदी शोधत आलो. आता शहराचं गटारही त्या नकाशावर आलं आहे.

तेव्हा पुढे कधी नव्या केंद्राची किंवा जुना संच बदलण्याची बातमी वाचलीत, तर मेगावॅटच्या आकड्यावर थांबू नका. कोळसा कुठून येणार, पाणी कोणाच्या वाट्याचं, राख कोणाच्या दाराशी पडणार, एवढं विचारा. वीज वापरणारे आपण आहोत, तर हे विचारण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.