समुद्राचे खतपाणी : कोकणात आणि आखातात



अमिरातीत आपल्या नळाला येणारे पाणी बहुतेक समुद्राचेच, मीठ काढून गोडे केलेले. बारमाही नदी इथे एकही नाही. त्यामुळे वर्षभरात समुद्राच्या पाण्यात काय बदलते, हा विषय आपल्यासाठी मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टपुरता राहत नाही. म्हणून या वेळी ही माहिती एकत्र करून देत आहोत. आम्ही काही समुद्रशास्त्रज्ञ नव्हे, संगणकवाले इंजिनिअर. तेव्हा शक्य तितके सोपे लिहितो.

समुद्रात मिठाशिवाय नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट अगदी थोड्या प्रमाणात विरघळलेली असतात. शेताला जसे खत, तशी समुद्राला ही पोषकद्रव्ये. त्यांच्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती वाढतात, प्लवकांवर छोटे जीव जगतात, आणि त्यांच्यावर आपला बांगडा आणि तारली. नायट्रोजन आणि फॉस्फरस प्लवकांना साधारण १६ ला १ या प्रमाणात लागतात. डायटम नावाच्या प्लवकांना काचेसारखे कवच बांधायला सिलिकेटही हवे असते.

आपल्याकडे या खताचे वेळापत्रक पावसाळा ठरवतो. कोकणातल्या नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि थोडक्या अंतरात समुद्राला मिळतात. वर्षाचे बहुतेक पाणी जून ते सप्टेंबरमध्येच वाहून जाते. झिजलेल्या खडकांतून सिलिकेट येते, तर शेतांतून आणि सांडपाण्यातून नायट्रेट. गोव्यातल्या मांडवी आणि झुआरी या नद्यांचा अभ्यास दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९६६) अनेक वर्षे केला आहे. भर पावसात या खाड्यांचे वरचे पाणी जवळजवळ गोडे होते आणि नायट्रेट, सिलिकेट वाढतात. पाऊस सरला की खारे पाणी खाडीत कित्येक किलोमीटर आत शिरते आणि ही द्रव्ये कमी होतात. फॉस्फेट मात्र इतके सरळ वागत नाही. ते गाळाच्या कणांना चिकटते आणि पुन्हा सुटते. वाशिष्ठीची तर गोष्टच निराळी. कोयनेच्या वीजनिर्मितीचे पाणी तिच्यात सोडले जाते, म्हणून उन्हाळ्यातही तिला गोडे पाणी मिळते.

पण सगळे श्रेय नद्यांचे नाही. त्याच महिन्यांत खोल समुद्रातले गार पाणी किनाऱ्याकडे वर सरकते. त्यात पोषकद्रव्ये भरपूर, पण प्राणवायू कमी. वर पावसाच्या आणि नद्यांच्या हलक्या गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसलेला असतो, त्यामुळे वारा खालचे पाणी नीट ढवळू शकत नाही. वर वाढलेले प्लवक मरून तळाशी जातात, कुजतात आणि उरलासुरला प्राणवायूही संपवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही ठिकाणी तळाच्या पाण्यात सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडसुद्धा तयार होतो. डॉ. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये यावर लिहिले, आणि जमिनीवरून येणाऱ्या खतांचाही यात हात असावा असे मांडले. आम्हाला यातली सर्वात विचार करण्यासारखी बाब ही वाटते : जे खत मासे वाढवते तेच, बेत बिघडला तर, माशांचा श्वास कोंडते.

आता इकडे या. आखाताला मोठी नदी एकच, शत्त अल-अरब, म्हणजे तैग्रिस आणि युफ्रेटिस यांचा एकत्र प्रवाह. तिला पूर येतो तो तुर्कस्तान-इराणच्या डोंगरांतला बर्फ वितळल्यावर, वसंतात. धरणांमुळे तो पूर आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. शिवाय तिचे मुख अबुधाबीपासून ८०० किलोमीटरहून दूर, त्यामुळे तिचे खत आपल्या किनाऱ्यापर्यंत फारसे पोचत नाही. आखात उथळ (सरासरी खोली सुमारे ३५ मीटर), बाष्पीभवन प्रचंड. होर्मुझमधून वरवरचे पाणी आत येते आणि जास्त खारट, जड झालेले पाणी तळाने बाहेर जाते. आत येणाऱ्या या वरवरच्या पाण्यात पोषकद्रव्ये बेताचीच असतात.

फुजैरा आणि खोरफक्कानची बाजू वेगळी, कारण ती ओमानच्या आखाताकडे तोंड करून आहे. तिथे हिवाळ्यात गार कोरडे वारे वरचे पाणी थंड करतात, ते जड होऊन खाली बसते आणि खालचे पोषक पाणी वर येते. मग डिसेंबर ते मार्च प्लवकांचा बहर. रात्री लाटांत निळा उजेड दिसला तर तो बहुधा नॉक्टिल्युकाचा.

बहर हाताबाहेर गेला की काय होते हे अमिरातीने २००८-०९ मध्ये पाहिले. ऑगस्ट २००८ च्या सुमारास पूर्व किनाऱ्यावर कॉक्लोडिनियम नावाच्या प्लवकाने पाणी तांबूस-तपकिरी झाले. ही 'रेड टाइड' पुढे होर्मुझ ओलांडून आखातात शिरली आणि आठ महिन्यांहून अधिक काळ टिकली. हजारो टन मासे मेले. मीठ काढणारे काही प्रकल्प काही काळ बंद ठेवावे लागले, कारण चिकट प्लवकांनी गाळण्या तुंबतात. त्यानंतर आखातातल्या काही नव्या प्रकल्पांत पाण्यात बारीक बुडबुडे सोडून प्लवक वर तरंगवून काढून टाकण्याची सोय केली गेली.

नळाचे पाणी प्रक्रिया होऊनच येते. मात्र समुद्र असा तांबूस दिसला तर मुलांना पोहायला सोडू नये आणि किनाऱ्यावर आलेले मेलेले मासे उचलू नयेत. पाणी निवळल्याचे नगरपालिकेने जाहीर करेपर्यंत किनाऱ्यावरची सहल पुढे ढकललेली बरी.