शिरापोषणजन्य यकृतविकार (नवजात अर्भके)

शिरापोषणजन्य यकृतविकार हा दीर्घकाळ शिरेवाटे पोषण घेणाऱ्या नवजात अर्भकांत आढळणारा यकृताचा विकार आहे. बाळाची आतडी अन्न पचवू शकत नसतील तेव्हा ग्लुकोज, अमिनो आम्ले, स्निग्ध पदार्थ, क्षार व जीवनसत्त्वे यांचे द्रावण थेट रक्तात सोडले जाते. रुग्णालयात या पद्धतीस संक्षेपाने टीपीएन म्हणतात. तिच्यामुळे बाळाचा जीव वाचतो. परंतु ती अनेक आठवडे चालू राहिल्यास यकृतातील पित्ताचा प्रवाह मंदावतो आणि पुढे यकृतास कायमची इजा होऊ शकते.

इतिहास
स्टॅन्ली डड्रिक, डग्लस विल्मोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून संपूर्ण शिरापोषणाची पद्धत सिद्ध केली. १९६७ मध्ये फिलाडेल्फिया येथे, लहान आतडे जवळजवळ नसलेल्या एका नवजात मुलीस या पद्धतीने पोषण देण्यात आले. तिचे वजन व उंची वाढली. या उपचाराचा वृत्तांत १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७१ मध्ये, शिरापोषणावर असलेल्या अकाली जन्मलेल्या अर्भकाच्या यकृतात आढळलेल्या विकृतीची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली.

कारणे
या विकारास एकच एक कारण नाही; अनेक कारणे एकत्र येतात.

अपरिपक्व यकृत : पूर्ण दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या व अत्यंत कमी वजनाच्या बाळांचे यकृत पित्त तयार करण्यास व वाहून नेण्यास पुरेसे सक्षम नसते.

रिकामे आतडे : तोंडावाटे अन्न आले की आतड्यातून संप्रेरके स्रवतात आणि पित्ताशय आकुंचन पावते. अन्न नसल्यास ही प्रेरणा मिळत नाही व पित्त साचते.

जंतुसंसर्ग : शिरेत ठेवलेल्या नळीतून जंतू रक्तात शिरू शकतात. प्रत्येक संसर्गाबरोबर यकृताची हानी वाढते.

द्रावणातील घटक : सोयाबीन तेलापासून केलेल्या स्निग्ध द्रावणातील वनस्पतिजन्य स्टेरॉल पित्तप्रवाहात अडथळा आणतात, असे दिसून आले आहे. गरजेपेक्षा अधिक ग्लुकोज दिल्यास यकृतात चरबी साठते.

जन्मजात दोषामुळे किंवा नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस या आजारात मृत झालेला भाग काढावा लागल्यामुळे ज्यांचे आतडे आखूड राहिले आहे, अशा बाळांना सर्वाधिक धोका असतो.

लक्षणे व निदान
साधारणतः दोन आठवड्यांहून अधिक काळ शिरापोषण चालल्यानंतर कावीळ दिसू लागते. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात अनेक बाळांना होणाऱ्या साध्या काविळीहून ही वेगळी असते. हिच्यात रक्तातील संयुक्त बिलिरुबिन, म्हणजे प्रयोगशाळेच्या अहवालातील डायरेक्ट बिलिरुबिन, वाढते. म्हणून निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याचा उपचार येथे उपयोगी पडत नाही. त्याचे प्रमाण दर डेसिलिटरमागे २ मिलिग्रॅमहून अधिक असणे, हा निदानासाठी बराच वापरला जाणारा निकष आहे. लघवी गडद होते, शौच फिकट होऊ शकते, यकृत वाढते.

पित्तनलिका जन्मतः बंद असण्याच्या विकारातही अशीच लक्षणे दिसतात. त्या विकारात शस्त्रक्रिया शक्यतो बाळ दोन महिन्यांचे होण्यापूर्वी करावी लागते. त्यामुळे सर्व दोष शिरापोषणास देऊन ही तपासणी लांबणीवर टाकणे घातक ठरू शकते.

प्रतिबंध व उपचार
आतड्यांना शक्य तितक्या लवकर काम देणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. आईचे दूध पोटात थेंबाथेंबाने, इतके थोडे दिले तरी लाभ होतो की त्याने बाळाची भूकही भागत नाही. त्यामुळे आतडे जागे राहते व पित्त वाहू लागते. शिरेतील नळी हाताळताना काटेकोर स्वच्छता पाळणे, सोयाबीन तेलाची मात्रा कमी करणे आणि बाळास झेपत असल्यास द्रावण चोवीस तास न देता मध्ये काही तास थांबवणे, हेही उपाय केले जातात. तांबे व मँगनीज ही मूलद्रव्ये पित्तावाटे बाहेर पडतात. म्हणून पित्त साचल्यास त्यांच्या मात्रेवर लक्ष ठेवावे लागते.

बॉस्टन येथील बालरुग्णालयात कॅथलीन गुरा, मार्क पुडर व सहकाऱ्यांनी माशाच्या तेलाचे स्निग्ध द्रावण वापरले असता अनेक बाळांची कावीळ ओसरली. या द्रावणास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये, पित्त साचलेल्या बालकांसाठी मान्यता दिली. त्याची नेहमीची मात्रा दररोज दर किलो वजनामागे १ ग्रॅम असते. लाभ माशाच्या तेलाचा किती आणि स्निग्ध पदार्थांची एकूण मात्रा घटल्याचा किती, याविषयी मतभेद आहेत.

कावीळ दिसताच शिरापोषण एकदम बंद करणे हा उपाय नव्हे. आतडे तयार नसताना पोषण थांबल्यास बाळाची व त्याच्या मेंदूची वाढ खुंटते.

परिणाम
पूर्ण आहार तोंडावाटे सुरू होऊन शिरापोषण थांबले, की बहुतेक बाळांची कावीळ काही आठवड्यांत वा महिन्यांत जाते. मात्र यकृतात पडलेले व्रण त्यानंतरही राहू शकतात. आतडे फारच आखूड असलेल्या काही बाळांत यकृत निकामी होते. अशा वेळी यकृत व आतडे यांचे प्रत्यारोपण हाच पर्याय उरतो.